खर्ड्याचा किल्ला कोणी पाहिला?

तांबडवाडी, ता. नेवासा
१४ नोव्हेंबर १९७३

दादा,

नमस्कार लिहायचा की नाही हे अजून ठरलेलं नाही, तेव्हा तेवढी जागा कोरी समज. भाऊबिजेला मी ताट खाली ठेवून उठले, ते चुकलं असं मला अजून वाटत नाही. रतनवहिनींनी चार करंज्या बांधून दिल्या होत्या, त्या मात्र खाल्ल्या. राग तुझ्यावर होता, करंज्यांवर नव्हता.

मग पत्र कशाला? तर मला इतकं हसू आलंय आणि इथे हसायला माणूस नाही. लहानपणापासून तुझ्याबरोबर हसायची खोड, ती काही भांडणाने जात नाही.

आधी गावाचं सांगते. शिंगणापूर माहीत आहे ना, घरांना दारं नाहीत ते? आमची वाडी त्याच्या शिवेला लागून, इथेही तीच रीत. चौकटी आहेत, दारं नाहीत. कुत्रं शिरू नये म्हणून रात्री फळी आडवी लावतात, एवढंच. शाळेच्या ऑफिसलाही दार नाही. मी जूनमध्ये रुजू झाले ती ट्रंकेला कुलूप लावून. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वाडीत माझं नाव 'कुलूपवाली बाई'! शेवटी आमचे हेडमास्तर गाडेकर सर स्वतः आले आणि म्हणाले, "बाई, कुलूप काढा. लोकांच्या मनाला लागतं. इथे चोरी होतच नाही." काढलं बाई.

आता गंमत ऐक. अकरावीची चाचणी झाली. या चाचणीवरूनच ठरतं मॅट्रिकच्या परीक्षेचे फॉर्म कोणाचे पाठवायचे. मराठीचा पेपर माझा. मी तो लिहून हेडसरांकडे मंजुरीला दिला होता. त्यात निबंध होता, 'मी पाहिलेला किल्ला'. आमच्याकडे छापणं-बिपणं नाही, परीक्षेच्या दिवशी पेपर फळ्यावर लिहायचा. खडू हातात घेतला आणि मनात आलं, अगं, या पोरांनी किल्ला कुठे पाहिलाय? नेवाशाच्या पलीकडे गेली नाहीत बिचारी. म्हणून आयत्या वेळी विषय बदलला आणि लिहिलं, 'आमचा आठवडे बाजार'. सगळ्यांनी बाजार लिहिला. एकाने मात्र किल्ला लिहिला!

तो म्हणजे गोरक्ष. आमच्या संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब, त्यांचा पुतण्या. फळ्यावर बाजार लिहिलाय, आणि हे महाराज मान खाली घालून खर्ड्याचा किल्ला वर्णन करतायत. तटबंदी, बुरूज, सगळं. वर 'आजोबांचे बोट धरून मी तटावर चढलो तेव्हा ऊर अभिमानाने भरून आला.' याचे आजोबा जन्मात तिकडे जामखेड-खर्ड्याला गेले नाहीत. तटावर आजोबांचं बोट धरून चढले ते आमचे हेडसर. ते खर्ड्याकडचेच आहेत. पंधरा ऑगस्टच्या भाषणात हेच वाक्य आम्ही सगळ्यांनी उन्हात उभं राहून ऐकलंय.

माझा पहिला पेपर हेडसरांखेरीज कोणाच्याच हातात गेला नव्हता. लक्षात येतंय ना? उद्या तो निबंध घेऊन त्यांच्याकडे जाते. बघू तरी काय म्हणतात. मला फार उत्सुकता लागलीय.

मनकर्णा

---

१९ नोव्हेंबर १९७३

दादा,

उत्सुकता भागली. माझ्यासारखी बावळट मीच.

मी खरंच हसत हसत गेले रे. मला वाटलं सर ओशाळतील, पोराला समज देतो म्हणतील आणि प्रकरण मिटेल. सरांनी निबंध वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "म्हणजे ऑफिसातून पेपर चोरीला गेला होता."

मी निबंध उचलून परत माझ्याकडे घेतला.

"पहिली कोण आलीय मराठीत?" त्यांनी विचारलं.

पहिली चांगुणा आली आहे. बौद्धवाड्यातली पोरगी. तिची आई लंकाबाई शाळा झाडते, ऑफिस सारवते. काय घडतंय ते तोवर माझ्या ध्यानात आलं होतं. तरी म्हटलं, "सर, तिने बाजार लिहिलाय. तिला पेपर मिळाला असता तर तीही किल्ला पाठ करून आली असती की."

"हुशार आहे. फळ्यावर बदललेलं दिसलं, म्हणून बदललं. बाकीचे प्रश्न तर तेच होते ना?"

"आणि गोरक्ष?"

"तिनेच दाखवला असेल त्याला."

"आणि हा आजोबांचा तट?"

यावर त्यांनी समोरची वही मिटली. मग सावकाश म्हणाले, "बाई, तुमची नेमणूक अजून तात्पुरती आहे. मार्चात कायम करायचं संस्थेने मनावर घेतलंय." त्यांची स्वतःची मुदतही मार्चातच संपते आणि ती आप्पासाहेबांनी वाढवून द्यायची आहे. हे त्यांनी सांगितलं नाही, इथल्या गुराख्यालाही माहीत आहे.

आज पंचनामा तयार झाला. 'ऑफिसातील प्रश्नपत्रिका सौ. लंकाबाई हिने मुलीकरिता नेल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे.' आमच्या! दोघा मास्तरांच्या सह्या झाल्यात. तिसरी जागा माझी. सही झाली की चांगुणाचा फॉर्म जाणार नाही. यंदाचा नाही आणि, तिचा बाप म्हणतो तसं, पुढचाही नाही, कारण मग तिचं लग्नच उरकतील. मी म्हटलं, डोकं दुखतंय, नंतर करते.

दादा, आता खरं विचारते आणि टोमणा म्हणून घेऊ नकोस. तुमच्या नागापूरच्या कारखान्यात तुझ्याबरोबरच्या त्या श्रीमंतवर पितळ चोरल्याचा आळ घेतला, तेव्हाही पंचनामाच होता ना? तो युनियनचं बोलायला लागला होता हे तुला माहीत होतं. त्याने पितळ नेलेलं तू पाहिलं नव्हतंस, हे तूच मला सांगितलंस. तरी सही केलीस. तू, जो लहानपणी शेजारच्या बोरीची बोरं पाडल्याचंही कबूल करून यायचास! मी त्या दिवशी तुला 'का केलीस' म्हणून ओरडले, पण तुझं उत्तर ऐकायला थांबले नाही. आता थांबलेय. त्या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं? मला खरंच जाणून घ्यायचंय. माझ्यापुढेही कागद ठेवलाय आणि पेन त्यांनी टोपण काढूनच ठेवलाय.

मनकर्णा

---

२३ नोव्हेंबर १९७३

दादा,

तुझं पत्र आज मिळालं. इतकं छोटं पत्र मी जन्मात वाचलं नाही, आणि इतक्या वेळाही.

'माझ्या आधी तिघांच्या सह्या झाल्या होत्या. मला वाटलं, तो तर बुडालाच आहे, माझ्या सहीने आणखी काय होणार. मनात दुसरं काही नव्हतं. घाम मात्र आला होता.'

मला वाटलं होतं तू म्हणशील पोटापाण्यासाठी, म्हणशील सुपरवायझर करतो म्हणाले. म्हणजे मला तुझ्यावर रागावायला सोपं गेलं असतं. आणि तू लिहितोस, दुसरं काही नव्हतं! मेल्या, हे तर माझ्याही मनात येऊन गेलं. दोघांच्या सह्या आहेतच, मी न केल्याने चांगुणा थोडीच सुटणार आहे? परवा भाकरी थापताना आलं. तवा करपला.

आज त्या दोघा मास्तरांना गाठलं. विचारलं, "तुम्ही लंकाबाईला पेपर नेताना पाहिलंत का हो?" एक म्हणाला, "त्यांनी केली म्हणून मी केली." दुसऱ्याला विचारलं तर तोही तेच! मग पहिली कोणी केली? हे दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि कागदावर तर एक सही वर आहे, एक खाली आहे. मला हसू आलं आणि लगेच आठवलं, तिसरी जागा माझी आहे.

सही केलेली नाही. पण 'करणार नाही' असंही म्हणाले नाही. 'सोमवारी' म्हणाले. म्हणजे मी किती शूर ते तूच ठरव. उद्या शनिअमावस्या आहे, शिंगणापूरला यात्रा भरते, वाडीतून गाड्या जायला लागल्यात. शाळेला सुट्टी. गाडेकर सर आज आप्पासाहेबांकडे पंचनामा घेऊन गेलेत.

मनकर्णा

---

२६ नोव्हेंबर १९७३

दादा,

अरे, काय झालं ऐक! घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

काल पारावर बैठक झाली. आप्पासाहेबांनीच बोलावली. शाळेची माणसं, गावकरी, लंकाबाई आणि चांगुणा एका बाजूला उभ्या. हेडसरांनी पंचनामा वाचून दाखवला. त्यांना वाटत होतं, आप्पासाहेबांच्या पुतण्याचं नाव वाचवलं, आता ते आपल्याला डोक्यावर घेणार.

'चोरी' शब्द आला आणि आप्पासाहेब ताडकन उभे राहिले.

"काय म्हनालात?"

"चोरी, आप्पासाहेब. ऑफिसातून."

"गाडेकर, तुमी खर्ड्याकडचे. तुमाला म्हाईत न्हाई म्हनून एकडाव ऐकून घेतो. काल देवाच्या पायरीवर हजार मानूस हुतं. आन् तुमी आज लिवून देताय का ह्या शिवारात चोरी झाली? उद्या पेपरात छापून आनताय का?"

सगळी माणसं एकदम बोलायला लागली. म्हाताऱ्या बनुबाई तर लुगड्याचा पदर खोचून पुढे आल्या. म्हणाल्या, माझ्या सासूच्या सासूपास्नं दार न्हाई घराला, आन् ह्यो मास्तर आमाला दारं लावायला लावतो व्हय? कोणी म्हणालं, चोरी झाली असती तर चोराचे डोळे गेले असते, पोरीचे डोळे तर ठीक हायती. दादा, हे पोरीच्या बाजूने बोलत होते! मला आधी कळेचना.

लंकाबाईला मग धीर आला. म्हणाली, "मी ऑफिस सारवते. मला अक्षर वळकू येत न्हाई. कोन्ता कागद पेपरचा आन् कोन्ता बिलाचा, ते मला काय ठावं? न्यायचाच असता तर मी समदं टेबलच उचललं असतं." माणसं हसली. मीही हसले.

आप्पासाहेबांनी पंचनामा घेतला आणि चार तुकडे केले. "चोरी झालेली न्हाई. विषय संपला. समद्या पोरांचे फारम जातील." हेडसर घामाने भिजले होते. इतकी वर्षं नोकरी करून या माणसाला गावातली एवढी एक गोष्ट कळली नव्हती! आम्हाला कुलूप काढायला सांगताना जे वाक्य तोंडपाठ होतं, ते खरं मानणारी माणसं समोर बसलीत, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

सही करायला कागदच उरला नाही बघ. मी सुटले. चांगुणा सुटली. आज गूळ-शेंगदाणे वाटले वर्गात.

मनू

---

३० नोव्हेंबर १९७३

दादा,

फॉर्म आज टपालात पडले. चांगुणाचा मी स्वतः पाकिटात घातला. गोरक्षचाही गेलाय, त्याचं काय.

पण जीव थाऱ्यावर नाही. काल शाळा सुटल्यावर चांगुणाला म्हटलं, "काय गं, तोंड का पाडून बसलीस? सुटलीस की आता." तिने दप्तर खांद्याला अडकवलं. मग म्हणाली, "बाई, चोरी झाली न्हाई म्हणाले. मी चोरी केली न्हाई असं कुनीच म्हणालं न्हाई."

मी म्हटलं, एकच की.

"एक कसं? हापश्यावर बाया मला म्हणतात, देवानं लाज राखली तुझी. म्हंजी मी केलंच व्हतं, देवानं झाकलं. मराठीत पहिली आले त्याचं कुनी नावच काढीत न्हाई. आईला ऑफिसात जाऊ देत न्हाईत आता. भाईरूनच झाड म्हणतात."

खरं सांगू, मला आधी तिचा रागच आला. एवढं निभावलं, त्यात आता हे काय काढते पोरगी! घरी येऊन पातेलं आदळलं. मग हळूहळू डोक्यात शिरलं. पारावर जो तो गावाची लाज वाचवत होता. गाव वाचलं, शाळा वाचली, हेडसर वाचले, गोरक्ष तर कधी बुडालाच नव्हता. पोरगी मध्ये उभी होती, ती तशीच उभी आहे. आणि ज्या एका बाईला सगळं माहीत होतं, तिने तिथे बसून शेंगेच्या टरफलाएवढाही आवाज काढला नाही. मला वाटलं, मिटतंय तर मिटू दे.

तुमच्याकडे श्रीमंतचं काय झालं रे? कुठे कामाला लागला का? त्याच्याशी आता कोणी बोलतं का? तू लिहिलं नाहीस. मीही विचारलं नव्हतं.

मनू

---

५ डिसेंबर १९७३

दादा,

सोमवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर मी पुढे झाले. बातम्या वाचायची पाळी माझी होती, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. फॉर्म टपालात पडेपर्यंत थांबले होते, ते आधीच कबूल करते. याला शहाणपण म्हण नाहीतर भेकडपणा म्हण, दोन्ही होतं.

मी म्हटलं, "मराठीच्या चाचणीत चांगुणा पहिली आली आहे. ती अभ्यासाने आली आहे. तिने पेपर चोरला नाही, तिच्या आईनेही चोरला नाही. पेपर माझ्याकडून हेडमास्तरांकडे गेला आणि त्यांच्याकडून गोरक्षकडे गेला. किल्ल्याचा निबंध माझ्याकडे आहे. ज्याला वाचायचा असेल त्याने यावं."

बस्, एवढंच. झेंड्याच्या खांबाला धरून उभी होते. हेडसर म्हणाले, "बाईंची तब्येत बरी नाही, वर्गात चला." पण वर्गात जायला कोणी हलेना. मग गोरक्षच रडायला लागला. एवढा मिसरूड फुटलेला घोडा, भोकाड पसरून. म्हणाला, "मी मागितला नव्हता. सरांनी घरी आणून दिला. पाठ कर म्हणाले." त्याच्यावर माझा राग होता तो तिथेच गेला बघ. त्यालाही कोणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी आप्पासाहेब आले. चौकटीबाहेर उभे राहून हाक मारली, आत आले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील. ते हळूच म्हणाले, "बाई, तुमी खोटं न्हाई बोललात. मला घरात कळलं समदं. पर समद्यांदेखत बोललात. आता तुमाला ठिवलं तर मी अध्यक्ष कसला?" मी विचारलं, "आणि गाडेकर सरांना ठेवलं तर?" ते वळून चालायला लागले. हे मला अजून कळत नाही. देवाच्या भीतीने घराला दार न लावणारा माणूस, आणि खोटं पाठीशी घालायची त्याला भीती नाही! असं कसं होतं रे? मी त्यांना पुन्हा भेटले तर खरंच विचारणार आहे.

तर नोकरी गेली. शुक्रवार शेवटचा दिवस. गाडेकर सर आहेत तिथेच आहेत. मात्र काल लंकाबाई ऑफिसच्या आत गेल्या आणि जमीन सारवून आल्या, कोणी अडवलं नाही. हापश्यावरच्या बायांनी चांगुणाला विचारलं म्हणे, पयली आलीस म्हंजी किती मार्क पडले गं?

आज चांगुणा आली होती, मला सामान बांधायला मदत करायला. मला वाटलं होतं काहीतरी गोड बोलेल. ती ट्रंकेत पुस्तकं रचत म्हणाली, "बाई, मग त्या दिशी पारावर का न्हाई बोललात?"

मी म्हटलं, "भ्याले गं."

तिने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "मग सोमवारी भीती गेली व्हती का?"

"नाही. कुठली जातेय! आत्तासुद्धा आहे."

यावर ती पहिल्यांदा हसली. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं. आणि दादा, तेव्हाच ठरवलं की हे तुला लिहायचं. तू मागच्या पत्रात लिहितोस, श्रीमंत घरीच बसून आहे, त्याच्याकडे जावंसं वाटतं पण पाय उचलत नाही. भीती जाऊ दे मग जाईन, असं म्हणशील तर ती जाणार नाही, हे मी आत्ता ताज्या अनुभवाने सांगते.

शनिवारी दुपारच्या गाडीने येतेय. रतनवहिनींना सांग, मी चांगली महिनाभर राहणार आणि जेवायला लागणार. श्रीमंतच्या घरी आपण दोघं जाऊ. बोलायचं तू, 'तू पितळ नेलेलं मी पाहिलं नाही' एवढंच. मी नुसती शेजारी उभी राहीन. तो आपल्याला घरात घेईल की नाही कोण जाणे, दारातून हाकलूनही देईल, त्याचा हक्क आहे. जेवून जायचं की आधी जायचं, एवढं तू ठरव.

तुझी
मनू